पेसमेकर बसवूनही चक्कर, दम, अंधारी? डॉक्टरांकडून नीट तपासणी कशी करून घ्यायची (बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागासाठी)

पेसमेकर बसवलेल्या माणसाला पुन्हा चक्कर यायला लागली की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आता मशीन बसवलंय की, मग कशानं होतंय?" दवाखान्यातही बऱ्याचदा हेच ऐकायला मिळतं. ईसीजी काढतात, पट्टी बघून नॉर्मल म्हणतात, वय विचारतात आणि पित्ताची गोळी, ताकदीचं औषध देऊन घरी पाठवतात. पेशंट बाई असेल तर "टेन्शन घेऊ नका" हे वर आणखी. माझ्या सासूबाईंना दोन ठिकाणी हेच सांगितलं गेलं, आणि त्यांनीही ते खरं मानलं होतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

ईसीजीची पट्टी जेमतेम दहा-बारा सेकंदांची असते. तेवढ्या वेळात मशीननं ठोका चुकवला नाही, इतकंच ती सांगते. मंगळवारी दुपारी गोठ्यात काय झालं ते तिच्यात कुठून दिसणार? त्याचा माग लागतो तो खुद्द पेसमेकरमध्ये. त्याला स्वतःची मेमरी असते. छातीवर एक छोटं यंत्र ठेवून, किंवा नव्या मॉडेलमध्ये वायरलेस पद्धतीनं, कंपनीच्या प्रोग्रॅमरवर, म्हणजे मशीन वाचणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, ती वाचता येते. याला इंटरॉगेशन म्हणतात, आपल्याकडे नुसतं "मशीन चेकिंग". टाके नाहीत, सुई नाही, साधारण पंधरा-वीस मिनिटांचं काम. डॉक्टरांकडे मागायची ती ही तपासणी, आणि ती मागताना हातात तारीख-वेळ लिहिलेली वही असली पाहिजे. बाकी सगळी तयारी या दोन गोष्टींसाठीच आहे.

आधी हे वाचा: कधी वही शोधत बसायचं नाही

पूर्ण शुद्ध हरपली, पडून डोक्याला लागलं, छातीत दुखतंय, बसल्या जागी दम लागतोय, किंवा अंधारी येतेय आणि नाडी चाळीसच्या आसपास आहे, तर १०८ ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मशीनच्या जागेवर लाली किंवा सूज आणि सोबत थंडी-ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. माणूस कोसळला आणि श्वास घेत नसेल तर छातीवर दाब द्यायला घाबरू नका. पेसमेकर असला तरी सीपीआर करता येतो, करणाऱ्याला त्यानं काही होत नाही.

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. पावसाळ्यात तिकडे रात्री गाडी मिळवणं किती अवघड ते तुम्हीच जाणता. अंधारी यायला सुरुवात झाली असेल तर तपासणी होईपर्यंत खानापुरात किंवा बेळगावात पाहुण्यांकडे राहायला आणा. आणि कारण कळेपर्यंत दुचाकी चालवायची नाही, विहिरीच्या काठाला, माळ्यावर, शिडीवर जायचं नाही.

वही: डॉक्टर ज्याकडे दुर्लक्ष करू शकत नाहीत असा पुरावा

"कसंतरी होतंय" किंवा "चक्कर येते" एवढ्यावर कुठल्याच डॉक्टरांना पुढं जाता येत नाही. खोली गोल फिरल्यासारखी वाटली की कानाचा विचार होतो, डोळ्यांपुढं अंधारी येऊन पाय गळाले की हृदयाचा आणि बीपीचा. म्हणून नाव देऊ नका, काय घडलं ते लिहा. साधी शंभर पानी वही पुरते. नोंद अशी असावी:

"मंगळवार, दुपारी ३:४०. फळीवरचा डबा काढायला डावा हात वर केला. डोळ्यांपुढं अंधारी आली, कपाट धरून उभी राहिले. खाली बसल्यावर मिनिटभरात बरं वाटलं. नाडी ४४, पूर्ण मिनिट मोजली. सकाळी बीपीची गोळी घेतली होती."

या चार ओळींत तज्ज्ञाला पुष्कळ काही दिसतं. हात वर केल्यावरच त्रास होत असेल तर मशीनपासून हृदयात गेलेल्या वायरीवर संशय जातो: वायर आतून तुटत आलेली असते, तिचं वेष्टन फाटलेलं असतं किंवा मशीनला जोडलेलं टोक सैल झालेलं असतं. अशा वायरीतून फालतू सिग्नल येतो, मशीनला तो हृदयाचा ठोका वाटतो आणि ते गप्प बसतं. पलंगावरून उठताना अंधारी येत असेल तर बीपी आधी बघावं लागतं. बसून काही नाही, पण जिना चढताना पाय चालत नाहीत, तर कष्टाबरोबर ठोके वाढवणारं सेटिंग बंद आहे का किंवा कमी पडतंय का हे तपासतात. मानेच्या शिरा थडथडतात, सोबत थकवा आणि दम, हे एका वायरीच्या मशीनमध्ये जास्त दिसतं, कारण हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांची लय जुळत नाही. त्याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. आणि ठराविक तालात येणारी, काही केल्या न थांबणारी उचकी किंवा छातीचा-पोटाचा स्नायू उडणं म्हणजे करंट भलतीकडे जातोय अशी शंका. बसवल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत हे झालं तर वायर जागेवरून सरकली असण्याची शक्यता धरून लगेच दाखवायचं. असा स्नायू उडत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत तो हमखास थांबतो.

मोटरीचा स्टार्टर दाबताना, वेल्डिंगजवळ उभं असताना, इंडक्शन शेगडीवर वाकल्यावर त्रास झाला असेल तर तेही लिहा. मोबाइल आणि मॅग्नेट असलेल्या वस्तू मशीनपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायच्या, म्हणजे शर्टाच्या डाव्या खिशात फोन नको.

नाडीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथं फार घोळ होतो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि घड्याळ बघून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. मशीनला एक किमान आकडा लावून ठेवलेला असतो, बऱ्याच जणांचा ६० असतो, पण तुमच्या रिपोर्टवर "लोअर रेट" समोर काय लिहिलंय ते बघा. मोजलेली नाडी त्याहून बरीच खाली असेल तर त्याचं उत्तर मिळालंच पाहिजे. उत्तर साधंही असू शकतं. काही मशीनमध्ये झोपेसाठी कमी रेट ठेवलेला असतो. कधी मध्येच येणारे जास्तीचे ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचत नाहीत. मग हृदयाचे ठोके ७० पडत असतात आणि बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ३५ दाखवतं. पण हे ठरवायचं ते ईसीजी आणि मशीन बघून, अंदाजानं नाही.

कागद

पेसमेकर बसवल्यावर एक कार्ड मिळतं. त्यावर कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, बसवल्याची तारीख असते. कार्ड, डिस्चार्ज समरी, मागच्या चेकिंगचा रिपोर्ट, सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा) एका पिशवीत ठेवा. सगळ्या कागदांचे फोटो मुलांच्या फोनमध्ये असू द्या.

कार्ड हरवलं असेल तर बसवलेल्या दवाखान्यातून नोंद मागा. तेही जमलं नाही तर छातीचा साधा एक्स-रे काढा. मशीनवर कंपनीची खूण आणि कोड असतो, तो एक्स-रेवर दिसतो. त्याच एक्स-रेवर वायरी जागेवर आहेत का हेही कळतं, म्हणून समोरून आणि बाजूनं असे दोन काढायला सांगा.

कुठं जायचं, आणि जायच्या आधी कुठला फोन करायचा

कंपनी माहीत असणं का गरजेचं? कारण एका कंपनीचा प्रोग्रॅमर दुसऱ्या कंपनीचं मशीन वाचत नाही. मेडट्रॉनिकला मेडट्रॉनिकचा, अ‍ॅबटला अ‍ॅबटचा, बायोट्रॉनिकला बायोट्रॉनिकचा, बोस्टन सायंटिफिकला त्यांचा. (कार्डावर सेंट ज्यूड लिहिलं असेल तर ती कंपनी आता अ‍ॅबटमध्ये आहे.) गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांकडे यातला एकही नसतो, तालुक्याच्या दवाखान्यातही नसतो. तिथं जाऊन "मशीन बघा" म्हणण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडून हवी ती कार्डिओलॉजिस्टच्या नावची चिठ्ठी.

मोठ्या दवाखान्यातही बहुतेक वेळा प्रोग्रॅमर घेऊन कंपनीचा माणूस ठराविक दिवशी येतो. त्यामुळे निघायच्या आधी कार्डिओलॉजी ओपीडीला फोन करून विचारा, "अमुक कंपनीच्या पेसमेकरचं चेकिंग कुठल्या दिवशी असतं? त्रास होतोय, लवकर माणूस बोलावता येईल का?" हा एक फोन केला नाही म्हणून रामदुर्ग-सौंदत्तीहून आलेली माणसं दिवसभर बाकावर बसून परत जातात.

आपल्या भागातले पेशंट चहूकडे विखुरलेले आहेत. कुणी बेळगावातच केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात बसवलेलं असतं, निपाणी-चिकोडीची माणसं कोल्हापूर गाठतात, अथणी-रायबागची मिरज-सांगलीला जातात, खानापूरची कुणी गोव्याला, कुणी बेंगळुरूच्या जयदेव संस्थेत. बसवलेल्या ठिकाणी जाणं केव्हाही चांगलं, जुना रेकॉर्ड तिथं असतो. पण मशीन नुसतं वाचण्यासाठी बेंगळुरूला जायची गरज नसते. त्या कंपनीचा प्रोग्रॅमर जिथं आहे अशा कुठल्याही हृदयरोग विभागात चेकिंग होतं, राज्य कुठलंही असो.

सरकारी दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरांना मराठी येत नसेल तर घरातला कन्नड येणारा माणूस न्या. कुणीच नसेल तर एवढं कागदावर लिहून न्या: "एच्चर तप्पितु" म्हणजे शुद्ध हरपली, "कण्णु कत्तले बंतु" म्हणजे डोळ्यांपुढं अंधारी आली, "एदे नोवु" म्हणजे छातीत दुखणं, "उसिराडलु कष्ट" म्हणजे श्वास घ्यायला त्रास. वहीतल्या तारखा, वेळा आणि नाडीचे आकडे तर कुठल्याही भाषेत कळतात.

डॉक्टरांसमोरची पाच मिनिटं

आत दोघंच जा, पेशंट आणि एक माणूस. आपल्याकडे काका, जावई, शेजारी असे सगळे केबिनमध्ये शिरतात आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो; त्यात पेशंटचा आवाजच ऐकू येत नाही. आधी पेशंटला बोलू द्या. मग सोबतच्यानं अशा धर्तीवर सांगावं:

"डॉक्टर, आईंना २०१९ मध्ये दोन वायरींचा पेसमेकर बसवलाय. महिनाभर झाला, डावा हात वर केला की अंधारी येते, एकदा पडल्यासुद्धा. त्या वेळी नाडी ४४ लागली, जुन्या रिपोर्टवर मशीन ६० ला ठेवलंय. या तारखा-वेळा लिहून आणल्यात. पेसमेकरचं इंटरॉगेशन करायला पाहिजे असं आम्हाला वाटतं, तेवढी व्यवस्था कराल का?"

सगळ्यात वाईट घटना आधी सांगा. "शुद्ध गेली होती" हे वाक्य गुडघेदुखीनंतर पाचव्या नंबरला आलं तर त्याचं वजन जातं. मोबाइलवर वाचलेलं निदान सांगू नका, घडलेलं सांगा. आणि आपली म्हातारी माणसं डॉक्टरांपुढं हमखास करतात ते करू देऊ नका. "कसं आहे?" विचारल्यावर "बरं आहे की" म्हणून हसतात. घरून निघतानाच समजावून ठेवा की तिथं मान राखायचा असला तरी त्रास लपवायचा नाही.

"वयामुळं होतंय" असं उत्तर आलं तर आवाज न चढवता विचारा, "पेसमेकरमुळं नाही हे कशावरून म्हणता येईल?" याचं खरं उत्तर मशीन वाचल्याशिवाय देता येत नाही, आणि चांगल्या डॉक्टरांना ते लगेच पटतं. तरीही नको म्हणाले तर, "केसपेपरवर एवढं लिहून द्या, की अंधारी येते आणि पडल्या असं सांगितलं, आणि सध्या पेसमेकर चेकिंगची गरज वाटत नाही." सही करून असं लिहायची वेळ आली की बरेच जण पुन्हा एकदा विचार करतात. ही धमकी नव्हे, केसपेपर पूर्ण असण्यात दोघांचंही हित आहे.

चेकिंगच्या वेळी काय विचारायचं

"बॅटरी चांगली आहे, ऑल ओके" एवढ्यावर उठू नका. प्रिंट मागा आणि एकेक गोष्ट विचारा.

बॅटरी किती वर्षं राहिली? मशीन साधारण सात ते बारा वर्षं चालतं, वापरावर अवलंबून. बॅटरी बदलायची वेळ आली की काही मशीन आपली चालण्याची पद्धतच बदलतात आणि ठोके ६५ वर अडकून बसतात. एकाएकी थकवा आणि दम सुरू होण्यामागं हेही असू शकतं.

वायरीचा इम्पिडन्स किती, आणि मागच्या वेळी किती होता? ओहममधला हा आकडा अचानक खूप वाढला तर वायर तुटल्याचा किंवा जोड सैल झाल्याचा संशय, अचानक उतरला तर वेष्टन फाटल्याचा. एकटा आकडा फारसं सांगत नाही, जुना रिपोर्ट इथंच उपयोगी पडतो.

थ्रेशोल्ड किती, आणि मशीन किती व्होल्ट देतंय? हृदयाचा ठोका पाडायला लागणारी कमीत कमी ताकद म्हणजे थ्रेशोल्ड. साधारणपणे त्याच्या दुप्पट व्होल्ट ठेवतात. ही तफावत कमी असेल तर ठोका कधीमधी वाया जातो. रक्तातलं पोटॅशियम वाढल्यावर आणि काही औषधांनी थ्रेशोल्ड वर चढतो, म्हणून किडनीचा त्रास असणाऱ्यांनी हे आवर्जून सांगावं.

पेसिंग, म्हणजे मशीननं पाडलेले ठोके, किती टक्के आहे आणि स्वतःचे ठोके किती? पेशंट पूर्णपणे मशीनवर अवलंबून आहे का, हे घरच्यांना माहीत असायलाच हवं.

मग वही उघडा आणि म्हणा, "या तारखेला, या वेळी मेमरीत काही नोंद आहे का?" मशीनचं घड्याळ बरोबर आहे का तेही बघायला सांगा. जलद ठोक्यांचे झटके, वायरीवरचा गोंगाट, असं बरंच त्यात सापडतं. सगळंच नोंदलेलं नसतं, त्यामुळे मेमरी रिकामी असली म्हणून त्रास खोटा ठरत नाही. आणि हात वर केल्यावर त्रास होत असेल तर तिथंच, स्क्रीन चालू असताना, हात वर करून, दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून, डाव्या कुशीवर वळून बघायला सांगा. सासूबाई सरळ झोपलेल्या असताना सगळं ठीक होतं. डावा हात डोक्यावर नेल्यावर स्क्रीनवरची रेघ खरखरीत दाट झाली आणि कंपनीच्या माणसानं स्वतःच उठून डॉक्टरांना बोलावलं.

"मशीन ठीक आहे" असं निघालं तर

तर शोध अर्धाच झालाय. पेसमेकर ठोका देतो, बीपी सांभाळत नाही. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर उठताना अंधारी का येते ते सापडलं. मग बीपीच्या, लघवी जास्त होण्याच्या, प्रोस्टेटच्या गोळ्या डॉक्टरांबरोबर तपासा. स्वतःच्या मनानं बंद करू नका.

हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन या तपासण्या आपल्या तालुक्यातही होतात. रोज किंवा दिवसाआड त्रास होत असेल तर होल्टर लावा, म्हणजे चोवीस तासांचा ईसीजी मिळतो. दम आणि पायावर सूज असेल, आणि खालच्या कप्प्यात पेसिंग बरीच वर्षं जास्त टक्के चाललेलं असेल, तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाची पंपिंग ताकद जुन्या इकोशी ताडून बघायला सांगा. सततच्या पेसिंगनं काही जणांचं हृदय कमजोर होतं आणि त्यावर वेगळ्या प्रकारचं पेसिंग हा उपाय आहे. हे वेळेत कळणं फार महत्त्वाचं आहे, आणि नेमकं हेच "वय झालं" म्हणून मागं पडतं.

मशीनच्या जागेची लाली

जागा लाल, गरम, ठणकणारी, कातडी पातळ होऊन मशीनची कड दिसतेय, किंवा थेंबभर पू, यातलं काहीही असेल तर हळद-लेप लावू नका आणि मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका. सुईनं पाणी काढायला कुणी निघालं तर थांबवा. त्यानं आत जंतू जाण्याचा धोका असतो. आधी रक्ताचं कल्चर, मग औषध, आणि हे सगळं पेसमेकर बसवणाऱ्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आधीच गोळ्या सुरू केल्या तर कल्चरमध्ये जंतू सापडत नाही. खरंच जंतुसंसर्ग असेल तर बहुतेक वेळा मशीन आणि वायरी दोन्ही काढाव्या लागतात, नुसत्या गोळ्यांनी तो दबतो आणि परत येतो.

पैसे, आणि ऐकूनच घेतलं नाही तर

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीची केस नसेल तर सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, ती आधीच घ्या. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आहे. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर त्या दवाखान्याच्या योजना काउंटरवर गावाचं नाव सांगून, कुठले कागद लागतील ते आधी फोनवर विचारून घ्या.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, त्यात पहिल्यांचा अपमान नाही. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यावीत असा डॉक्टरांसाठीचा २००२ पासूनचा नियम आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. खासगी दवाखान्याबद्दल तक्रार असेल तर कर्नाटकात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नोंदणी आणि तक्रार निवारण प्राधिकरण आहे. अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यायचा. सरकारी दवाखान्यासाठी १०४ वर फोन करता येतो. मशीन किंवा वायरच सदोष निघाली तर केंद्राच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे (वैद्यकीय उपकरणांमुळं झालेल्या त्रासाच्या नोंदी ठेवणारा) नोंद करायला डॉक्टरांना सांगा. पेशंटलाही १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कळवता येतं.

सेटिंग बदललं किंवा वायर दुरुस्त झाली तरी वही निदान महिनाभर चालू ठेवा, आणि नवा रिपोर्ट जुन्याच्या वर लावून त्याच पिशवीत ठेवा. नेहमीचं चेकिंग सहा महिन्यांनी ते वर्षातून एकदा, बॅटरी संपत आली की तीन ते सहा महिन्यांनी. पुढची तारीख ओपीडीतून निघायच्या आधीच फाईलवर लिहून घ्या, आणि त्या दिवशी कंपनीचा माणूस येणार आहे ना, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.